कॉलरखालचं बटण

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. फोनऐवजी पत्र लिहितोय, कारण फोनवर तू शिलाई मशीन चालूच ठेवतेस आणि मला प्रत्येक वाक्य दोनदा बोलावं लागतं. शिवाय सोबत हे जाडजूड पाकीट पाठवायचंच होतं.

माझं नाटक उभं राहतंय. खरंच! नाट्यगृह जुनं आहे पण खुर्च्या शाबूत आहेत. पहिला प्रयोग १२ मेला. नाटक शाळकरी पोरांच्या एका टोळीचं. टोळीचा म्होरक्या सोळा वर्षांचा, सगळे त्याला कप्तान म्हणतात. पहिल्या अंकात शाळा त्याला टरकून असते, दुसऱ्यात टोळी फुटायला लागते, तिसऱ्यात तो एकटा. दोन पानं वाचलीस की हे कुठून आलंय ते तुला कळेलच, म्हणून आधीच सांगतो, चिडू नकोस. शाळेच्या घंटेचा लोलक पळवणं, टोळीत येताना प्रत्येकाने शर्टाचं दुसरं बटण तोडून म्होरक्याला देणं, म्होरक्याने ती बटणं जॅकेटच्या अस्तराला आतून शिवून ठेवणं, हे सगळं आपलंच घेतलंय.

गाडं अडलंय तिसऱ्या अंकात. दिग्दर्शिका बाई म्हणतात, "तुमचा कप्तान पडतो, पण बदलत नाही. जिना उतरावा तसा उतरतो आणि संपतो. माणूस तीन अंकांत कुठेतरी हलला पाहिजे." मी तिसरा अंक चार वेळा लिहून फाडलाय.

तर दोन कामं. एक, सोबतचे दोन अंक वाच आणि टोळी फुटली तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं ते लिही. दोन, कप्तानाचं जॅकेट तू शिवावंस. पोराचं माप: छाती बत्तीस, खांदा पंधरा, बाही तेवीस.

तुझा,
शेपूट
(सही अजून हीच करतो. तुझ्या मागे मागे फिरल्याबद्दल मिळालेलं नाव इतक्या सहजी सुटत नाही.)

११ फेब्रुवारी

शेपटा,

दोन्ही अंक वाचले. एकदा गिऱ्हाईक ताटकळत ठेवून आणि एकदा दुकानाचं दार ओढून.

आधी तक्रार. मला मुलगा का केलंस? शाळेतल्या सगळ्या दांडगटांना मी वेणी घालून सरळ केलं होतं. तुला ठाऊक आहे. आणि कोण हा तुझा बत्तीस छातीचा पोरगा? एवढ्याशा खांद्यांवर माझी टोळी?

आता खरं सांगते, पोटात दुखलं माझ्या. त्याला तीन अंक, दिवे, टाळ्या. मला पंधराव्या वर्षी शाळेतून नाव काढल्याचा कागद आणि बाबांनी आणून दिलेलं हे मशीन. तू पुढे शिकलास, मोठा लेखक झालास, आणि आता माझंच आयुष्य मला टपालाने पाठवतोस, वर बाहीचं माप जोडून! जळतेय मी तुझ्यावर. लिहूनच ठेवते, म्हणजे नंतर नाही म्हणायला नको.

जॅकेट शिवीन. पण एक नाही, तीन. कापड तेच, रंग तोच. पहिल्या अंकातलं अंगासरशी, खांद्यात थोडा कापूस. दुसऱ्यातलं अर्धा इंच सैल. तिसऱ्यातलं चांगलं दोन इंच मोठं, बाही बोटांपर्यंत. बघणाऱ्याला कळणार नाही की जॅकेट बदललंय. त्याला वाटेल पोरगाच आत आत चाललाय. मला तेव्हा तसंच वाटायचं. जॅकेट तेच होतं आणि मी त्यात मावेनाशी होण्याऐवजी हरवत चालले होते.

फितूर मात्र तू बरोबर पकडलायस. कप्तानाचा जिवलग दोस्त. म्हणजे आपली शिट्टी, आणखी कोण! तोंडात दोन बोटं घालून शीळ मारायची आणि चार गल्ल्यांतून आपण सगळे गोळा व्हायचो. आता माझ्या दुकानासमोर तिची लाँड्री आहे. आईकडून आयती मिळाली. परवा वाफेची नवी इस्त्री आणली तिने. तिच्या दारात गिऱ्हाइकांची रांग आणि मी इकडे काजं करत बसलेली. माझ्या गिऱ्हाइकांना मी सांगते, धुवायला दोन गल्ल्या पलीकडे द्या, तिकडे कपडे बरे निघतात. धादांत खोटं आहे. पण सव्वीस वर्षं झाली, मी त्या बाईशी एक शब्द बोललेले नाही आणि बोलणार नाही.

ताई

१९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तीन जॅकेटांची कल्पना मी तालमीत सांगितली आणि पंचाईत करून घेतली. दिग्दर्शिका बाई खुर्चीतून उठल्याच. "हे कुणाचं डोकं?" म्हणाल्या. बहिणीचं, शिवणकाम करते, म्हटलं. तेव्हापासून रोज विचारतात, "तुमच्या ताई काय म्हणतात?" माझ्या दोन वर्षांच्या लिखाणाला त्या "बरंय" म्हणाल्या आणि तुझ्या दोन इंचांना टाळी दिली. तू माझ्यावर जळतेस म्हणालीस ना? फिट्टंफाट झाली. मीही तुझ्यावर जळतोय. तसा लहानपणापासून जळत आलोय, पण ते असो.

बाईंनी आणखी एक गोष्ट शोधली. दोन अंकांत कप्तानाची एकशे बारा वाक्यं आहेत आणि त्यांत एकही प्रश्न नाही. "चल." "थांब." "हा आत, तो बाहेर." सगळे हुकूम. माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी फक्त तुझं बोलणं आठवून लिहीत गेलो होतो.

आणि त्या म्हणतात, फितुरी पटत नाही. दोस्ताला कप्तानाने आदल्याच दिवशी उपकप्तान केलंय. ज्याला एवढा मान मिळाला तो दुसऱ्या दिवशी जॅकेट नेऊन मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर का ठेवील? त्याला मिळालं काय? मी काहीतरी थातुरमातुर सांगितलं, पण त्यांनी मान हलवली.

ताई, तुला नक्की खात्री आहे का, की ती शिट्टीच होती?

शेपूट

१ मार्च

शेपटा,

हा काय प्रश्न झाला? बाईंना सांग, नाटक त्यांचं असेल, टोळी माझी होती.

नीट सांगते, मग तुझ्या पद्धतीने लिही. जॅकेट आपल्या जिन्याखालच्या कपाटात असायचं. हे ठाऊक कुणाला? मला, तुला आणि शिट्टीला. ढब्बूला आणि गोटीला मी सांगितलंच नव्हतं, त्यांच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. सकाळी ते जॅकेट मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवर. त्यांनी अस्तर उलटं केलं आणि एकेक बटण पोरांच्या शर्टांवर उरलेल्या बटणांशी ताडून पाहिलं. शाळेचे शर्ट सगळ्यांचे पांढरे, पण प्रत्येकाचा शिंपी वेगळा. ढब्बूचं सापडलं, गोटीचं सापडलं, तुझं सापडलं. शिट्टीचं बटण तेवढं जाग्यावर नव्हतं. कापलेल्या दोऱ्याची टोकं लोंबत होती.

आपण चौघांनी सात दिवस सभागृहाची फरशी घासली. आठव्या दिवशी मला बोलावून "माफी माग" म्हणाले. मी मागितली नाही, माझं नाव काढलं. तू तर माझ्या शेजारीच गुडघ्यांवर बसून फरशी घासत होतास. मग तिघांतून उरलं कोण? आधी स्वतःचं बटण काढून घेतलं आणि मग आमची नेऊन दिली. सरळ हिशोब आहे.

आणि मला जे लागलं ना, ते नाव काढल्याचं नाही. आदल्या संध्याकाळीच मी तिला उपकप्तान केलं होतं. कॉलरखालची पहिली जागा तुझी होती, कारण तू टोळीतला पहिला. तिला उपकप्तान केल्यावर मी जेवण झाल्यावर बसून दोन्ही बटणं उसवली. तिचं वर लावलं, कॉलरखाली. तुझं दुसऱ्या जागी. तुला सांगितलंही नव्हतं. म्हटलं, उद्या बघेल तेव्हा बघेल, फुगून बसेल आणि येईल ठिकाणावर. इतक्या मायेने टाके घातले होते मी त्या बटणाला आणि तिने ते सकाळी कापून टाकलं!

मुख्याध्यापिकेने तुमची तीन बटणं पाकिटात घालून परत दिली होती. मशीनच्या खणात आहेत अजून. जॅकेटांचं कापड बेतून झालंय.

कप्तानाने प्रश्न विचारायला हवे होते म्हणतोस? म्होरक्या विचारत बसला की संपला.

ताई

९ मार्च

ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. बटणांची जागा तू बदलली होतीस, हे मला आज कळतंय. सव्वीस वर्षं मी समजत होतो की अंधारात माझा हात चुकला.

जॅकेट मी नेलं होतं.

तू शिट्टीला उपकप्तान केलंस त्या संध्याकाळी मी जिन्यावर बसून होतो. तुम्ही दोघी खाली हसत होतात. मी टोळीतला पहिला, तुझा सख्खा भाऊ, आणि तू म्हणालीस, "शेपटाला काय, तो असतोच." दुसरं काही कारण नाही. मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही. मत्सर होता. बारा वर्षांचा होतो, पण ती काही सबब नव्हे.

सकाळी सगळ्यांच्या आधी उठून आईच्या डब्यातली कात्री घेतली. कपाटात काही दिसत नव्हतं. हात सवयीने कॉलरखाली गेला, माझ्या जागेवर. म्हटलं, आपलं बटण काढून घेतलं की आपण सुटलो. कापलं, खिशात टाकलं आणि जॅकेट नेऊन खुर्चीवर ठेवलं. शाळेच्या व्हरांड्यात उजेडात बटण पाहिलं तर त्याची कड थोडी टवकलेली, म्हणजे शिट्टीचं. माझ्या बटणाची कड अखंड होती. परत आत जाऊन काही करण्याआधीच घंटेची वेळ झाली. घंटा वाजली नाही, लोलक आपल्याकडेच होता.

मी पकडला गेलो म्हणूनच मी वाचलो. माझ्यावर कुणालाच संशय आला नाही. तुझं नाव काढलं त्या दिवशी सांगणार होतो. मग तू मशीनवर बसलीस तेव्हा. मग मी पुढे शिकायला निघालो तेव्हा. दर वर्षी सांगणं आणखी जड होत गेलं आणि मी आणखी हुशारीने गप्प बसत गेलो. नाटकातही फितुरी दोस्ताच्याच गळ्यात घातली.

बटण सोबत ठेवलंय.

सही काय करू, कळत नाही.

२० मार्च

तिन्ही जॅकेटं शिवून तयार आहेत. पाठवणार नाही.

२८ मार्च

ताई,

जॅकेटं मागायला लिहीत नाही. ती तुझी आहेत.

दिग्दर्शिका बाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाल्या, "हाच तुमचा तिसरा अंक आहे. कप्तानाला कळतं की दोस्त फितूर नव्हता आणि आता त्याला रंगमंच ओलांडून त्याच्यापर्यंत चालत जायचंय." मी म्हटलं, हे वापरायला मला आधी कुणालातरी विचारावं लागेल. जाहिरात लागली आहे, तिकिटं विकायला सुरुवात झाली आहे, तरीही तू नको म्हणालीस तर मी नाटक मागे घेतो. हे मी दिखाऊपणाने लिहीत नाही. एकदा तुझी वस्तू न विचारता नेली, पुन्हा नेणार नाही.

शिवाय हो म्हणालीस तरी मला लिहिता येईलच असं नाही. कप्तान चालत जातो इथपर्यंत येतो मी. पुढे दोस्त काय म्हणतो, ते मला माहीत नाही. ते एकाच माणसाला माहीत आहे आणि ती तुझ्या समोर राहते.

शेपूट

१४ एप्रिल

शेपटा,

माफी वगैरे मागू नकोस, माझ्याकडे सध्या शिल्लक नाही. पहिले दहा दिवस तर मी तुझ्या नावाने कापड टराटरा फाडायचे, गिऱ्हाईक दचकायचं. माझी शाळा, शेपटा! तुला निबंध कोण सांगायचं? मी. वर्गात पहिली कोण यायची? मी. तुझी पुस्तकं कपाटात पाहिली की माझा जीव जळायचा आणि मी स्वतःलाच रागवायचे, की भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही तुला. आता कळलं, अगदीच चुकीच्या दारात जळत नव्हते.

पण तुझ्यावर चिडून झालं आणि मग मला दुसरंच सुचायला लागलं. ते जास्त वाईट होतं. तू बारा वर्षांचा होतास. मी मात्र पंधरापासून एक्केचाळीसपर्यंत दारासमोरच्या बाईला एकदाही विचारलं नाही. रस्ता बारा पावलांचा आहे. मी काल मोजला.

तिसऱ्या अंकाचं जॅकेट घेऊन गेले. म्हटलं, इस्त्रीचं निमित्त बरं. वाफ, साबणाचा वास, ओळीने टांगलेले कोट. ती पावतीपुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "नाव?"

सव्वीस वर्षं समोर राहते आणि मला नाव विचारते! नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की उलट्या पावली फिरणार होते. पण हात आधीच खिशात गेला होता. बटण काउंटरवर ठेवलं.

तिने ते उचललं. अंगठा कडेवरून फिरवला, टवका आहे तिथे थांबली. मग बसलीच स्टुलावर.

"आत्ता परत देतेस?" म्हणाली.

मी म्हटलं, "मी नाही कापलं. शेपटाने कापलं. जॅकेटही त्यानेच नेलं. मला मागच्या महिन्यात कळलं."

"मला वाटलं, तू काढलंस," ती म्हणाली. "संध्याकाळी उपकप्तान केलंस आणि सकाळी जॅकेटवर माझं बटणच नाही. मला वाटलं, रात्रीतून तुझं मन बदललं. मला टोळीतून काढून टाकलंस, आणि तोंडावर सांगायची हिंमत नव्हती म्हणून नुसतं बटण कापलंस."

मी तिच्या नावाने जे बटण धरून बसले होते, तेच ती माझ्या नावाने धरून बसली होती.

मग ती काय म्हणाली माहितीये? "तुम्ही चौघं फरशी घासत होता ना, मी रोज खिडकीबाहेर येऊन उभी राहायचे. तुम्ही साबणाचं पाणी उडवायचात एकमेकांवर. सगळ्यांना शिक्षा झाली आणि मलाच नाही. एवढी मी आयुष्यात कुणावर जळले नाही." त्या खिडकीत तिचं डोकं मला दिसायचं रे. मी समजायचे, मजा बघायला येते.

तेव्हा मी विचारलं. माझा पहिला प्रश्न, तुझ्या बाईंना सांग. "मग तू आत का आली नाहीस? बोलली का नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली. "नेहमी तूच बोलायचीस आधी."

दोघी रडलो. मग तिने गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून सांगितलं आणि चहा मागवला. तिला सगळं ठाऊक आहे माझं. मी गिऱ्हाईक दोन गल्ल्या पलीकडे पाठवते हेसुद्धा. म्हणाली, "तिकडचे लोक डाग निघाला नाही की माझ्याकडेच आणून देतात."

लिही तुझा तिसरा अंक. माझी हरकत नाही, तिचीही नाही. तिचं वाक्य जसंच्या तसं घाल, सजवू नकोस. आणि कप्तानाला रडवू नकोस. त्याने जॅकेट काढून अस्तर वर करावं, समोर धरावं आणि एक प्रश्न विचारावा. तेवढं पुरे. दोन इंच मोठ्या जॅकेटातून पोरगा बाहेर आला की तो आपोआप आपल्या मापाचा दिसेल.

तिन्ही जॅकेटं पार्सलने येताहेत. ढब्बूचं आणि गोटीचं बटण मी तिसऱ्याच्या अस्तराला लावलंय. शिट्टीने स्वतःचं स्वतः लावलं, कॉलरखाली. तुझं मी लावलेलं नाही. ते तिसऱ्या जॅकेटच्या खिशात आहे, सुईत दोरा ओवून ठेवलाय. तूच लाव. जागा तुझी तू ठरव.

१२ मेची दोन तिकिटं पाठव. शेजारी शेजारी.

ताई

१३ मे

प्रिय ताई,

काल तुम्ही दोघी प्रयोग संपल्यावर लगेच निघालात. शेवटची गाडी होती हे ठाऊक आहे, तरी वाटलं, थांबाल. म्हणून आता लिहितो.

पहिल्या अंकात पोरगा जरा घाबरला होता, त्यामुळे जास्तच ओरडला. दुसऱ्यापासून सावरला. तिसऱ्या अंकात तो त्या मोठ्या जॅकेटात आला तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "किती वाळलाय बघ." तू जिंकलीस. मग तो चालत गेला, अस्तर उलटं केलं आणि विचारलं, "तू आत का आला नाहीस?" एकशे तेरावं वाक्य. दोस्त म्हणाला, "तू विचारलं नाहीस." आणि पडदा पडायच्या आत तिसऱ्या रांगेतून शीळ आली, दोन बोटांची. विंगेत उभ्या उभ्या माझे पाय आपोआप धावायला निघाले होते.

टाळ्या चालू असताना मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. तुम्ही दोघी हसत होतात, जिन्याखाली हसायचात तसंच. तिने तुझ्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. लोक मला बोलवत होते, बाई माझा हात ओढत होत्या आणि ताई, मला तेव्हा नेमकं तेच वाटलं. बारा वर्षांचा असताना जिन्यावर वाटलं होतं, तेच. अडतीस वर्षांचा बाप्या, पहिला प्रयोग रंगलेला, आणि पोटात तीच आग. कप्तान तीन अंकांत बदलला. मी नाही बदललो. एवढंच, की या वेळी कात्री शोधली नाही. सरळ तुला लिहितोय.

बटण प्रयोगाआधी लावलं. मेकअपच्या खोलीत बसून, बोटं टोचून घेत. कॉलरखाली नाही. सगळ्यात खाली, गोटीच्याही खाली.

शेपूट

२ जून

शेपटा,

दहा प्रयोगांनंतर तिन्ही जॅकेटं दुरुस्तीला आली. पहिल्याची काख उसवलीये, पोराला म्हणावं हात जरा बेताने उगार. दुसरं ठीक आहे. तिसऱ्यावर मेकअपचे डाग होते, ते शिट्टीने काढले. पावतीवर या वेळी न विचारता नाव घातलं.

जळलास म्हणून लिहिलंस ते बरं केलंस. मी तिला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "येऊ दे त्याला, जिन्यावर बसवू." मग आम्ही हसलो. हेही तुला कळावं म्हणून लिहिलं. जळ थोडा आणखी.

तुझं बटण पाहिलं. केवढे ते टाके! एकोणीस मोजले मी आणि गाठीवर गाठ. शिट्टी म्हणाली, कसलं गचाळ काम आहे, उसव आणि नीट लाव. मीही उसवायला घेतलं होतं, कात्रीचं टोक आत घालून पाहिलं. पण काढायला गेलं तर अस्तर फाटतंय. राहू दे म्हटलं.

ताई